रंग राहू द्या, आधी ब्रेक: अर्धवट पद्मिनी कमी पैशात रस्त्यावर आणताना

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका तरुणाकडे मामांची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आहे. मामांनी हौसेनं ती कामाला काढली, इंजिन उघडून बांधलं, पत्रा तासून प्रायमर मारला आणि तिथंच पैसे संपले. आत सीटच्या चौकटी आहेत, कुशन नाही. दरवाज्यांचे आतले पॅड नाहीत, गालिचा नाही, बंपर पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत. भाचा विचारतो: ‘महिन्याला चार-पाच हजार बाजूला पडतात. गाडी पूर्ण होईपर्यंत थांबू, की आहे तशी चालवायला घेऊ? घरचे म्हणतात अर्धवट गाडी रस्त्यावर काढू नकोस, लोक हसतील. मिस्त्री म्हणतो, थांबा, एकदाच काय ते सगळं करून टाकू.’

माझं उत्तर: चालवायला घ्या. आणि हे मी नाइलाज म्हणून सांगत नाही. पैसे भरपूर असते तरी मी हाच क्रम सांगितला असता. आधी यंत्र, मग काही महिने चालवणं, मग पत्र्याचं उरलेलं काम, आणि रंग अगदी शेवटी. ‘एकदाच सगळं करू’ या वाक्यानं जितक्या जुन्या गाड्या शेडमध्ये कायमच्या बसवल्या, तितक्या गंजानं बसवल्या नसतील. गाडी सुटी पडलेली असली की दर महिन्याचे पाच हजार कुठं गेले ते दिसत नाही, उत्साह ओसरतो, नटबोल्टच्या पिशव्या घर बदलताना हरवतात. तीच गाडी महिन्यातून चार वेळा विजापूर रोडनं फिरून आली की पुढचा पैसा कुठं घालायचा ते तीच सांगते.

पण ‘अर्धवट’ दोन प्रकारचं असतं, आणि तुमच्या प्रश्नात दोन्ही एकत्र आलंय. गालिचा नसणं, बंपर नसणं, रंग नसणं हे शोभेचं अर्धवट. ते वर्षभर तसंच राहिलं तरी काही बिघडत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पेट्रोलची लाइन, वायरिंग आणि सीट पक्की बसलेली असणं, यांतलं काहीही अर्धवट असेल तर गाडी गेटबाहेर काढायची नाही. अगदी कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नाही. ‘इथंच तर जायचंय’ म्हणून काढलेल्या गाडीसमोरही पोरं सायकलवरून आडवी येतातच.

आधी कागद, कारण ते कंटाळवाणे आहेत आणि सगळे ते मागे ढकलतात. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 1986 ची गाडी म्हणजे 2001 पासून हा हिशेब सुरू झाला. मामांनी शेवटचं नूतनीकरण कधी केलं ते आरसी पुस्तकात बघा. मुदत संपलेली असेल तर फॉर्म 25 भरून अर्ज करायचा, गाडी निरीक्षकाला दाखवायची. 20 वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 पासून 10,000 रुपये झालंय, उशिराचं शुल्क नियमात महिन्याला 500 रुपये आहे, आणि आपल्याकडे पर्यावरण कर वेगळा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा आरटीओच्या खिडकीवर काढून घ्या आणि तो बजेटमध्ये सगळ्यात वर लिहा. पुष्कळांचं बजेट इथंच कोलमडतं, कारण हा खर्च कुणी धरलेलाच नसतो. नोंदणी जिवंत होईपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोवर चढवून न्या.

दोन गोष्टी कागदाच्याच. कुणी तुम्हाला व्हिंटेज नोंदणी सुचवेल. ती 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेल्या गाड्यांसाठी आहे, त्यामुळे तुमची गाडी त्यात बसतच नाही. आणि बसली असती तरी मी नको म्हटलं असतं, कारण व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा ठरावीक कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला गाडी चालवायची आहे, मिरवायची नाही. दुसरं म्हणजे रंग. पुस्तकात पांढरा लिहिलाय आणि गाडी करड्या प्रायमरमध्ये उभी आहे, तर तपासणीत प्रश्न येणारच. यावर उपाय पुढे प्रायमरच्या भागात सांगतो, तो एका दगडात दोन पक्षी मारतो. थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट याला पर्याय नाही. पेट्रोलच्या जुन्या गाडीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागतो. कार्बोरेटर नीट असेल तर पद्मिनी त्यात आरामात बसते.

आता ब्रेक. पहिले जमलेले पैसे इथं, आणि हात आखडता घ्यायचा नाही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइलनं हवेतली ओल शोषलेली असते, व्हील सिलिंडर (चाकाजवळ ब्रेकचे शू ढकलणारे) आतून गंजून खड्डे पडलेले असतात. मिस्त्री नुसतं रबरी किट बदलून देईल, दोन आठवडे चालेल, मग गळायला लागेल. सिलिंडर उघडून आतून बोट फिरवा. नखाला खड्डा लागला तर एकतर नवा सिलिंडर, नाहीतर लेथवर बोअर करून पितळी किंवा स्टेनलेस स्लीव्ह घालून घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांचे सुटे भाग करणारे चांगले हात आहेत. यंत्रमागाचं काम करणाऱ्या लेथवाल्याला मापाची शिस्त असते, त्याला नमुना आणि नेमकं माप द्या. मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मुख्य सिलिंडरला, मात्र स्लीव्ह करत बसू नका, चांगला मिळतोय तोवर नवाच घ्या. तुमच्या गाडीत तो एकाच सर्किटचा असेल तर कुठंही एक होज (ऑइलची रबरी नळी) फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणूनच हँडब्रेक नीट धरत नसेल तर गाडी तयार झाली असं म्हणूच नका.

रबरी होजबद्दल जरा सविस्तर, कारण इथं जाणते लोकही फसतात. होज बाहेरून काळा, गुळगुळीत, निर्दोष दिसतो, पण आतली नळी फुगून जवळजवळ मिटलेली असते. पेडल दाबल्यावर ऑइल जोरानं आत जातं, सोडल्यावर परत येत नाही. ब्रेक तिथंच धरून राहतो. लोक शू घासतात, ड्रम टर्निंग करतात, स्प्रिंग बदलतात, आणि ड्रम तापतच राहतो. घरी तपासायचं असं: चाक जॅकवर उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा, चाक हातानं फिरवा. फिरत नसेल तर होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे जिथं तो लोखंडी पाइपला जोडलाय तिथला नट किंचित ढिला करा. चाक सुटलं तर दाब मागे मास्टर सिलिंडरमध्ये अडकलाय. पेडलला मोकळी चाल नसेल किंवा परतीचं बारीक भोक बुजलं असेल. नट ढिला करूनही चाक सुटलं नाही, आणि चाकावरचा हवा काढायचा निपल उघडल्यावर सुटलं, तर गुन्हेगार होज. चिखलात हात घालण्याआधी ही दहा मिनिटं द्या. आणि खरं सांगायचं तर 1986 च्या गाडीचे होज तपासण्यापेक्षा सरळ सगळे बदला, सगळ्या कामात ही सगळ्यात स्वस्त सुरक्षितता आहे.

लोखंडी पाइप गंजले असतील तर ब्रेकसाठी बनवलेली नळीच घ्या. फ्रिज-एसीवाल्याकडची तांब्याची मऊ नळी घालून देणारे आहेत, त्यांना हात जोडा. ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद बाटलीतलं. डॉट 3 नवं असताना 205 अंशांना उकळतं आणि ओल शोषल्यावर 140 च्या आसपास, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात.

स्टिअरिंग आणि चाकं यांत फारसं गूढ नाही. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर एकाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं ती खीळ. किंगपिनचे बुश लेथवर करून मिळतात. टायरॉडचे शेवट, पाट्यांचे (मागच्या पट्टी स्प्रिंगांचे) बुश, शॉकअप बघून घ्या. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही खोल असली तरी जुने, उभ्या गाडीखाली चपटे झालेले, बाजूला बारीक भेगा पडलेले टायर घेऊन महामार्गावर जायचं नाही. 14 इंचाचं मूळ माप सहज मिळत नाही, तेव्हा जवळच्या मापाचा टायर घेताना तो मडगार्डला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आत घासत नाही ना, ते गाडीला लावूनच ठरवा.

इंजिन मामांनी बांधून घेतलंय, पण ते वर्षानुवर्षं फिरलेलं नाही. एकदम सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग क्रँक पुलीवर पाना लावून हातानं फिरवा. मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर नवं टाका, 20डब्ल्यू-50 चालेल. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फनं फिरवा, ऑइलचा दाब आला की मगच प्लग लावा. डेल्कोतले (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट बारीक पॉलिश पेपरनं साफ करून 0.4 ते 0.5 मिलिमीटरचा गॅप ठेवा. कंडेन्सर मात्र दोन घ्या आणि एक डिकीत राहू द्या. हल्ली मिळणारे कंडेन्सर कधी दगा देतील सांगता येत नाही.

पेट्रोलची लाइन हा सोलापुरात ब्रेकइतकाच गंभीर विषय आहे, कारण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात असतो आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पद्मिनी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं आणि चिरतं. टाकीच्या तळाशी पाणी धरलं जातं, गंज सुटतो. म्हणून टाकी उतरवून, जुनं पेट्रोल काढून, आतून धुऊन घ्या. टाकीला भोक असेल तर रिकामी टाकी म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक. सगळे रबरी होज फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या दर्जाचे घ्या, जे इथेनॉल सहन करतात, आणि प्रत्येक टोकाला नीट क्लिप लावा. तारेचा पिळा नको. एसी पंपाचा, म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपाचा, डायफ्राम बदला. तो फाटला तर पेट्रोल थेट खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गाडी काढण्याआधी ऑइलची पट्टी काढून वास घ्यायची सवय ठेवा. पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास, म्हणजे गाडी तिथंच बंद.

उन्हाळ्यात दुपारी गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला थांबते आणि मग उचलत नाही, झटके देते, बंद पडते. पाच-दहा मिनिटांनी निमूट चालू होते. हा बहुतेक वेळा व्हेपर लॉक: पंपात किंवा नळीत पेट्रोल उकळून वाफ झालेली असते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओलं फडकं पंपावर टाकायचा जुना उपाय खरा आहे, पण त्यावर अवलंबून राहू नका. नळी सायलेन्सरच्या पाइपपासून लांबून फिरवा, जिथं जवळून जाणं भाग आहे तिथं उष्णतारोधक आवरण घाला, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमधला जाड ठोकळा जागेवर आहे ना बघा. पुष्कळदा इंजिन बांधताना तो राहून जातो. इलेक्ट्रिक पंप बसवायचा असेल तर कार्बोरेटरसाठीचा कमी दाबाचाच, टाकीजवळ, आणि इंजिन बंद पडलं की आपोआप पंप बंद करणारी रिले लावून. प्लग पांढरेफटक दिसायला लागले तर मिश्रण पातळ झालंय, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) थोडा मोठा करून बघा.

थंडाव्याचं म्हणाल तर आपलं बोअरचं पाणी रेडिएटरचा शत्रू आहे. क्षार नळ्यांत बसतात आणि निम्मा रेडिएटर नावापुरता उरतो. उघडून नळ्या साफ करून घ्या, पुढे डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. पद्मिनीचं ब्लॉक बीडाचं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. नुसतं पाणी घातलं तर दोन धातूंच्या संगतीत हेड आतून खाल्लं जातं, आणि एकदा गाडी नीट तापली की हेड वाकतं, गॅसकेट जातं, मामांनी इंजिनवर घातलेला सगळा पैसा वाया. ‘सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅट काढून टाका’ असं सांगणारे भेटतील. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. मला ते पटत नाही. त्यानं थंडीत आणि महामार्गावर इंजिन गारच चालतं, ऑइल पातळ होत नाही, पेट्रोल जास्त पितं. रेडिएटर, वॉटर पंप, फॅन बेल्ट नीट असतील तर थर्मोस्टॅटमुळे गाडी तापत नाही. तापमानाचा काटा मात्र खात्रीचा बसवा.

वायरिंगमध्ये तुमच्या गाडीचा एक खास घोटाळा होणार आहे, तो आत्ताच सांगतो. पत्रा तासून सगळीकडे प्रायमर मारलाय, म्हणजे बॉडीला जिथं जिथं अर्थ (वायरिंगचं अर्थिंग) मिळायचा तिथं आता प्रायमरचा थर आहे. दिवे मंद, इंडिकेटर एकदम भरभर किंवा अजिबात नाही, हॉर्न मारला की मागचा दिवा पेटतो, असे भुताटकीचे प्रकार यातूनच होतात. नवं हार्नेस (वायरांचा जुडगा) घेण्याआधी प्रत्येक अर्थचा बोल्ट खोला, खालचा पत्रा चकचकीत घासा, बोल्ट आवळून वरून ग्रीस लावा. इंजिन ते बॉडी जाड पट्टी नवी टाका. हेडलाइटला रिले लावा म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही, उजेडात लगेच फरक दिसेल. बॅटरीला हातानं फिरवायचा कट-ऑफ स्विच आणि सीटखाली छोटं अग्निशामक, या दोन वस्तू गालिच्याच्या कितीतरी आधी.

आत बसायचं कसं, तर सीटची चौकट मूळ रुळांवर मूळ मापाच्या बोल्टनं पक्की आवळलेली हवी. त्यावर फोम टाकून आपली सोलापुरी चादर घट्ट शिवून घेतली की वर्षभराचा प्रश्न मिटला, आणि ती दिसतेही छान. फळी, स्टूल, सुटी खुर्ची असला प्रकार नको. पुढच्या दोन्ही सीटना बेल्ट लावा. त्याचा बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, मागून जाड पट्टी वेल्ड करून तिच्यात. हे वेल्डिंग आत्ता रंग नसताना फुकटात होतं, नंतर रंग जाळून करावं लागेल.

गालिचा नसला तर चालतो म्हटलं, पण फायरवॉल (इंजिन आणि आपल्यामधला पत्रा) आणि फ्लोअरमधली उघडी भोकं चालत नाहीत. वायर, केबल, पेडल जिथून आत येतात तिथले रबरी ग्रोमेट नसले तर इंजिनचा धूर आत येतो. डिकीचं रबर नसेल तर मागून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि काचा खाली केल्यावर तर जास्तच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं उन्हानं झालं. ग्रोमेट, डिकीचं रबर, सायलेन्सरचे जोड, मॅनिफोल्डचं गॅसकेट, हे ‘इंटेरियर’चं काम समजून पुढे ढकलू नका.

आता तो प्रायमर. साधा रेड ऑक्साइड किंवा करडा प्रायमर सच्छिद्र असतो. तो रंगाला पकड देण्यासाठी आहे, पाणी अडवण्यासाठी नाही. प्रायमरमध्ये गाडी पावसात फिरवली की पाणी आत झिरपतं आणि पत्रा खालून गंजतो, वरून काही दिसत नाही. मग वर्षभरानं त्यावरच लांबी (पुट्टी) आणि रंग चढवला की सहा महिन्यांत फोड. सोलापूरची हवा कोरडी, मुंबईसारखा पत्रा इथं खात नाही, म्हणून तुमच्याकडे थोडा वेळ आहे, पण सप्टेंबरमधला आपला पाऊस एकदा आला की धो-धो येतो. उपाय दोन. एक, प्रायमर कोरडा आणि गंज नसलेला असेल तर तो घासून त्यावर टू-के (दोन घटक मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर मारून घ्या, तो पाणी धरत नाही. दोन, आणि मला हाच जास्त पसंत आहे: आरसी पुस्तकात लिहिलेल्या रंगाचा, साधा, एका हाताचा, आरशासारख्या चमकेची अपेक्षा नसलेला कोट मारून घ्या. पत्रा झाकला जातो, तपासणीत रंगाचा प्रश्न मिटतो, घरच्यांची लोकलाजही राखली जाते. पुढे अखेरचा रंग करताना हा कोट घासला जाईल, त्याचं दुःख नको. आधी मात्र गाडी उचलून फ्लोअर, जॅकच्या जागा आणि पाट्यांचे हँगर स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. गाडी आयुष्यात कधी मुंबईत राहिली असेल तर दुप्पट बारकाईनं. तिथं पत्रा मऊ लागला तर ते शोभेचं काम नाही, वेल्डिंग आधी.

एवढं झालं की चालवणं. पहिल्या दिवशी अंगणात किंवा सोसायटीत पायी चालण्याच्या वेगानं, फक्त ब्रेक आणि क्लच. मग रविवारी सकाळी रस्ते मोकळे असताना घराभोवतीचा छोटा फेरा, घरी आल्यावर चारही ड्रमजवळ हात नेऊन बघायचा. एकच चाक जास्त गरम असेल तर तिथं काहीतरी धरतंय. खाली पांढरा पुठ्ठा ठेवा, सकाळी कुठं कसला थेंब पडलाय ते कळतं. मग चाकांचे नट पुन्हा आवळा, हे विसरू नका. स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या गिअरमध्ये पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही, तेव्हा गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नका.

आठ-दहा फेऱ्या निर्धास्त झाल्या की मग तुळजापूर. सोलापुरात नवी गाडी घेतली की माणसं तशीही आईच्या दर्शनाला जातातच, पण या 45 किलोमीटरमध्ये गाडीची खरी परीक्षा होते. सरळ लांब पल्ला, शेवटी घाटाची चढण, आणि परत येताना उतार. चढताना काटा कुठं स्थिर होतो बघा. उतरताना गिअरमध्येच राहा, ड्रम ब्रेक सतत दाबून धरले की तापून धरायचे बंद होतात. 1089 सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, 60-65 च्या वेगात ते खूश असतं. मागून येणाऱ्या ट्रकला वाट द्या, डाव्या लेनमध्ये राहा, आणि पहिले काही महिने रात्री पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्याला जाऊ नका.

आता घरचे आणि मिस्त्री दोघांनाही सांगा की पुढचं काम कसं होणार. नियम एकच: शनिवारी संध्याकाळी उघडलेलं काम रविवारी रात्री बंद झालं पाहिजे आणि गाडी सोमवारी चालू झाली पाहिजे. एका वेळी एकच भाग. दरवाज्याचा पॅड, मग दुसरा. एखादं काम दोन दिवसांत बंद होणारं नसेल, तर त्याचे सगळे सुटे भाग हातात आल्याशिवाय पहिला बोल्ट खोलायचा नाही. मुंबईच्या टॅक्स्या गेल्या तसे पद्मिनीचे सुटे भाग दुर्मीळ होत चाललेत. कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात की काच, दिव्यांच्या काचा, दरवाज्यांची कुलपं, काचांची रबरं दिसतील तेव्हाच घेऊन ठेवा. इंजिनचे भाग लेथवाला करून देईल, पुढची काच कुणी करून देणार नाही.

आणि रंग शेवटी का, तेही मिस्त्रीला पटवा. उभ्या गाडीचे दरवाजे नीट लागतात. तीच गाडी खड्ड्यांतून सहा महिने फिरली, पाटे बसले, बॉडीचे जोड आवळले गेले की दरवाज्याची फट बदलते. जिथं लांबी जाड भरलीय तिथं केसासारखी चीर दिसते. ती चीर साध्या कोटावर दिसू द्या, महागड्या रंगावर नको. गिअरबॉक्स एकदा उतरवावा लागणारच, क्लच प्लेट एकदा निघणारच, आणि त्या वेळी पाने-जॅक मडगार्डवर ठेवले जाणारच. हे सगळं उरकून, एक उन्हाळा आणि एक पावसाळा गाडी चालली की मग दिवाळीनंतर, हवेत धूळ आणि दमटपणा दोन्ही कमी असताना, काचा-रबरं उतरवून रंगाला द्या. तोवर बंपर पोत्यातच राहू द्या, फक्त माळ्यावर जाऊन एकदा पोतं सोडा, बंपरला आतून ऑइलचा हात फिरवा आणि कोरड्या कापडात पुन्हा बांधा. ज्यूटचं पोतं ओल धरतं आणि क्रोम आतूनच खातं.